ॲसिडचा पाऊस म्हणजे नेमकं काय, आणि आपली काळी जमीन तो कसा झेलते

मे महिन्याच्या शेवटी मामांकडे गेलो होतो, जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, केळीचं शेत आहे त्यांचं. त्या दिवशी ड्रिपला, म्हणजे ठिबक सिंचनाला, ॲसिड ट्रीटमेंट चालू होती. ज्यांना शेतीतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणजे त्यात चुना विरघळलेला असतो, ते पाणी वर्षभर ड्रिपमधून फिरलं की ड्रिपरच्या बारीक भोकात पांढरा थर बसतो आणि ड्रिपर चोक होतात, मग पाण्यात ॲसिड मिसळून ते लाइनीतून सोडतात, एक दिवस तसंच राहू देतात आणि दुसऱ्या दिवशी लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांची, तोंडं उघडून सगळं फ्लश करतात. पांढरा गाळ बाहेर येतो तो बघण्यासारखा असतो.

पण सोडायच्या आधी बादलीत हिशोब लावावा लागतो. मामांनी १० लिटर बोअरचं पाणी बादलीत घेतलं, ॲसिड थोडं थोडं टाकत गेले, काडीने ढवळलं, पीएच पेपरची पट्टी बुडवली, रंग बघितला, अजून टाकलं, अजून बघितलं. पट्टी ४ च्या रंगाला यायला सहा-सात मिली ॲसिड लागलं. (ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे मामा दर वर्षी गड्याला ओरडून सांगतात म्हणून मी पण इथे सांगून ठेवतो, आणि हातमोजे, चष्मा विसरू नका.)

हे सगळं चालू असताना मामांनी विचारलं, "काय रे भो, पोरीच्या पुस्तकात लिहेल आहे का पावसात बी ॲसिड असतं म्हने. मंग आपले ड्रिपर फुकटात साफ काहून नाही होत? अन् केळीले काई होईन का त्याच्यानं?"

प्रश्न इतका भारी होता की तेव्हा मला धड उत्तर देताच आलं नाही. शाळेत आम्लवर्षा म्हणून दोन मार्कांची टीप पाठ केलेली, सल्फर डायऑक्साइड, ताजमहाल, संपलं. नंतर बरंच वाचलं, जे समजलं ते मामांना सांगितलं, तेच इथे लिहितोय.

आधी पीएचचं बघू. पीएच म्हणजे आंबटपणा मोजायची पट्टी, ७ म्हणजे मधोमध, खाली गेलं की आंबट, वर गेलं की चुन्याकडे. लिंबाचा रस २ च्या आसपास, ताक आणि टमाटा ४ ते साडेचार, आपलं बोअरचं पाणी साडेसात-आठ, चुन्याची निवळी १२ च्या वर. यात एक गोष्ट नेहमी विसरली जाते, ही पट्टी एकेका पायरीला दहापटीने चालते. ५ पेक्षा ४ हे दहापट आंबट, आणि ६ पेक्षा ४ हे शंभरपट. त्यामुळे पेपरात "पावसाचा पीएच ५.६ वरून ४.६ वर आला" असं वाचलं तर एकानेच तर कमी झाला असं समजायचं नाही, ॲसिड दहापट झालंय.

आता दुसरी गंमत, एकदम स्वच्छ हवेतला पाऊस पण थोडा आंबटच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो, म्हणजे एकदम फिकट सोडावॉटरच, आणि त्यामुळे साध्या पावसाचा पीएच ५.६ च्या आसपास येतो. हे नैसर्गिक आहे, कोट्यवधी वर्षं असंच चालू आहे. ५.६ च्या खाली गेला की त्याला ॲसिडचा पाऊस म्हणतात, आणि प्रदूषित भागात तो साडेचार, चार, कधी त्याच्याही खाली जातो. म्हणजे असा पाऊस सुद्धा साधारण टमाट्याइतका आंबट. अंगावर पडला की कातडी जळते, केस जातात, हे सगळं व्हॉट्सॲपवरचं खोटं आहे. अंग भाजत नाही, त्याचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं, आणि ते समजायला ॲसिड येतं कुठून ते बघायला लागेल.

दोन मुख्य वायू. एक सल्फर डायऑक्साइड, दुसरे नायट्रोजनचे ऑक्साइड. सल्फर म्हणजे आपलं गंधक, पिकाच्या भुरी रोगावर आपण सल्फर ८० टक्के फवारतो तेच. दगडी कोळशात ते मुळातच असतं, डिझेल-फर्नेस ऑइलमध्ये असतं, तांबं-जस्त-शिसं गाळतात त्या खनिजात तर भरपूर असतं. जाळलं की ते सल्फर डायऑक्साइड होऊन धुरातून वर जातं. नायट्रोजनचं वेगळं आहे, तो हवेतच ७८ टक्के आहे, कोणाला त्रास देत नाही, पण इंजिनात किंवा भट्टीत खूप जास्त तापमान झालं की तो पण ऑक्सिजनबरोबर जळतो. म्हणून ट्रक, जनरेटर, भट्ट्या, सगळीकडून नायट्रोजन ऑक्साइड येतात. थोडे विजेच्या कडकडाटाने पण होतात, आणि ज्वालामुखी गंधक सोडतात, पण आज शहर-कारखान्यांच्या पट्ट्यात जास्तीचा वाटा आपलाच आहे.

किती सल्फर? याचा अंदाज यावा म्हणून ढोबळ हिशोब करून बघा. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, आपण सगळे त्याला थर्मल म्हणतो, हायवेवरून जाताना चिमण्या लांबून दिसतात, तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. देशात असे संच खूप आहेत, म्हणून मी कुठल्या एका ठिकाणाचं नाही, ५०० मेगावॅटच्या कुठल्याही संचाचं गणित मांडतो. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज, एका युनिटला साधारण ६५०-७०० ग्रॅम कोळसा, म्हणजे दिवसाला ८ हजार टन कोळसा. आपल्या देशी कोळशात सल्फर कमी असतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली, आपण ०.४ टक्के धरू. ८ हजार टनाचं ०.४ टक्के म्हणजे ३२ टन सल्फर. आणि इथे अकरावीची केमिस्ट्री कामाला येते, सल्फरचा अणुभार ३२, त्याला दोन ऑक्सिजन चिकटले की ६४, म्हणजे ३२ टन सल्फरचा ६४ टन सल्फर डायऑक्साइड. आणि तो सगळाच्या सगळा पुढे सल्फ्युरिक ॲसिड झाला असं धरलं तर ९८ टन. एका संचाचं, एका दिवसाचं. सगळा वायू काही ॲसिड होऊन पावसात येत नाही, बराचसा कोरडाच खाली बसतो, पण "देशी कोळशात सल्फर कमीच असतं" हे वाक्य मला या हिशोबानंतर आधीसारखं वाटत नाही. टक्का कमी आहे हो, पण कोळसा किती जाळतो आपण.

वर गेलेला वायू लगेच ॲसिड होत नाही. ऊन, हवेतले ऑक्सिजनचे वेगवेगळे अवतार, ढगातलं पाणी, या सगळ्यांच्या मदतीने काही तासांत ते काही दिवसांत तो सल्फ्युरिक ॲसिड आणि सल्फेटचे अगदी बारीक कण बनतो, नायट्रोजनवाले ऑक्साइड नायट्रिक ॲसिड बनतात. आणि तेवढ्या वेळात वारा त्याला शेकडो किलोमीटर घेऊन जातो. म्हणून ज्या गावात चिमणी त्याच गावात आंबट पाऊस, असं सरळ गणित बसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे खान्देशातला धूर तेव्हा बुऱ्हाणपूर-विदर्भाच्या अंगाला जाणार, आणि हिवाळ्यात वारा फिरला की दुसरीकडे. पाऊस नसेल तरी वायू आणि कण पानांवर, पत्र्यावर, भिंतीवर नुसते बसतात, दव पडलं की तिथेच ओले होऊन ॲसिड होतं. आपल्याकडे वर्षातले आठ महिने कोरडे, त्यामुळे हा कोरडा भाग विसरायचा नाही.

"ॲसिड रेन" हा शब्द आणला रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या केमिस्टने. मँचेस्टर शहराच्या आसपासचा पाऊस तो १८५० च्या दशकापासून तपासत होता, कोळशाच्या गिरण्यांचा जमाना, आणि १८७२ च्या पुस्तकात त्याने हा शब्द वापरला. पण जग खडबडून जागं झालं ते त्याच्या जवळजवळ शंभर वर्षांनी. १९६० च्या दशकात स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांतले मासे नाहीसे होऊ लागले, आणि स्वान्ते ओदेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये वर्तमानपत्रात लिहून मांडलं की हे ॲसिड आपलं नाही, ब्रिटन आणि जर्मनीच्या चिमण्यांचं आहे. आधी कोणी पटकन मानलं नाही. त्यातला कळीचा मुद्दा चिमणीच्या उंचीचा होता. शहरात धूर कोंडतो म्हणून चिमण्या उंच केल्या, शहरातल्या लोकांना बरं वाटलं, आणि धूर शेजारच्या देशात जाऊन पडायला लागला. कॅनडात सडबरीला निकेलच्या कारखान्याने १९७२ मध्ये ३८१ मीटरची चिमणी उभी केली, आयफेल टॉवरपेक्षाही उंच, गावाची हवा सुधारली पण वायू होता तेवढाच, फक्त लांब जाऊन पडला.

आता मामांच्या बादलीकडे परत येतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर मी परत गेलो. दोन-तीन दिवसांची झड चालू होती. गच्चीवर मोकळ्या आभाळाखाली धुतलेला प्लास्टिकचा टब ठेवला, पत्र्यावरून येणारं पाणी घेतलं नाही, आणि १० लिटर पावसाचं पाणी जमवलं. तेच ॲसिड, तीच काडी, तीच पट्टी. मामांनी सवयीप्रमाणे ड्रॉपर धरला, एक थेंब, दोन थेंब, पट्टी बुडवली तर ४ च्या रंगाला गेलेली. मामा माझ्याकडे बघायला लागले. बोअरच्या पाण्याला सहा-सात मिली आणि पावसाच्या पाण्याला दोन थेंब.

बोअरच्या पाण्यात जो चुना विरघळलाय तो ॲसिड आलं की त्याच्याशी भिडतो आणि त्याला संपवतो, त्यामुळे खूप ॲसिड ओतेपर्यंत पीएच हलतच नाही. पावसाच्या पाण्यात भिडायला कोणीच नाही, म्हणून जरासं ॲसिड पडलं की पीएच धाडकन खाली. चुन्याच्या या ॲसिड झेलण्याच्या ताकदीला बफर म्हणतात. स्वीडन-नॉर्वेची तळी मामांच्या दुसऱ्या बादलीसारखी आहेत, खाली ग्रॅनाइटचा खडक, वर मातीचा पातळ थर, चुना नाहीच. आणि आपला खान्देश पहिल्या बादलीसारखा आहे.

यातून मामांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण मिळतं. साडेचार पीएचच्या पावसातलं ॲसिड आणि आपल्या कडक बोअरच्या पाण्यातला चुना यांचा मेळ घातला तर एक लिटर बोअरचं पाणी २०० लिटरच्या वर ॲसिडचा पाऊस रिचवून टाकेल. असा पाऊस ड्रिपर काय साफ करणार.

आणि जमिनीचा हिशोब तर अजूनच मोठा. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरा आणि सगळाच्या सगळा साडेचार पीएचचा पडला असं वाईटात वाईट समजा. एका एकरात वर्षभरात पडलेलं ते ॲसिड संपवायला चुना लागेल साधारण साडेचार किलो. एकरी साडेचार किलो! आणि मातीच्या रिपोर्टमध्ये मुक्त चुना ५ टक्के आला असेल तर वरच्या अर्ध्या फुटातच ४० टनाच्या आसपास चुना आहे. आठ-नऊ हजार वर्षं पुरेल. तापीकाठची काळी जमीन, नांगरताना पांढरे खडे वर येतात ते, ज्याच्यामुळे पिकाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि आपण फेरस सल्फेट टाकत बसतो, त्याच चुन्याने आपल्याला या बाबतीत वाचवलंय.

दुसरा वाचवणारा म्हणजे धूळ. उन्हाळ्यात वावटळी उठतात, राजस्थानकडून वारं येतं, आपल्या काळ्या रानाची माती उडते, त्या धुळीत कॅल्शियम असतं आणि ते वर हवेतच ॲसिडला मारतं. म्हणून भारतात कित्येक वर्षं बहुतेक ठिकाणी पावसाचा पीएच ६ च्या वर मिळायचा आणि आम्लवर्षा हा युरोप-अमेरिकेचा विषय असं आपण समजून चाललो.

हे सगळं सांगून झाल्यावर मला वाटलं मामा खूश होतील. ते थोडा वेळ बादलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग धूर जिथी जातो तिथी बी चुना आहे का?"

नाही ना. सगळीकडे नाही. कोकणातली लाल जांभ्याची माती आधीच आंबट, केरळची तशीच, आसाम-ईशान्येकडची तर चहाला चालते म्हणजेच आंबट आहे. तिथे ॲसिड पडलं की जे होतं ते असं: मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश मुळांच्या कामासाठी चिकटून बसलेलं असतं, ॲसिड त्याला ढकलून बाहेर काढतं आणि पाण्याबरोबर ते वाहून जातं. त्याहून वाईट म्हणजे मातीत दगडासारखं बांधून पडलेलं ॲल्युमिनियम सुटं होतं. हे ॲल्युमिनियम मुळांना विषारी, आणि ओढ्यातून तळ्यात गेलं की माशांच्या कल्ल्यांवर चिकट थर बसतो, मासा पाण्यात असून गुदमरतो. पीएच ५ च्या खाली गेला की बहुतेक माशांची अंडीच फुटत नाहीत. तळं वरून एकदम स्वच्छ, निळंशार दिसतं, कारण त्यात जगायला काही उरलेलंच नसतं. स्वीडनने अशा हजारो तळ्यांत वर्षानुवर्षं चुना टाकला, अजून टाकतात. जंगलांचं पण तेच, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड यांच्या सीमेवर डोंगरच्या डोंगर झाडं उभ्याउभ्या वाळली, त्या पट्ट्याला काळा त्रिकोण नाव पडलं. झाडं एका पावसाने मरत नाहीत, त्यांचं खाणं कमी होत जातं आणि मग थंडी, कीड, दुष्काळ यातलं काहीही आलं की ती टिकत नाहीत.

इमारतींचं आपल्याला घरी करून बघता येतं. चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळा, फसफसतं. संगमरवर म्हणजे चुनाच, ॲसिड त्याचं जिप्सम करतं, जिप्सम मऊ, पाण्याने धुऊन जातं, आणि कोरीव कामाच्या कडा झिजतात. ताजमहालासाठी ॲडव्होकेट एम. सी. मेहता सुप्रीम कोर्टात गेले, ३० डिसेंबर १९९६ ला निकाल लागला आणि ताजच्या आसपासच्या कारखान्यांना कोळसा सोडून गॅसवर जा नाहीतर दुसरीकडे जा असं सांगितलं गेलं. मात्र ताजचा पिवळेपणा सगळा ॲसिडचा नाही, धूळ आणि काजळीचा त्यात मोठा हात आहे, हे पण सांगायला हवं. आपल्याकडची पाटणादेवीजवळची जुनी देवळं, लेणी काळ्या दगडातली आहेत, बेसाल्ट, त्यात संगमरवरासारखा चुना नाही, म्हणून ती लिंबासारख्या ॲसिडला तशी दाद देत नाहीत. लोखंडाचे पत्रे, तारा, पूल यांना मात्र गंज लवकर धरतो.

पण चुन्याचं सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. आपल्या जमिनीत चुना आहे, छातीत नाही. जो सल्फर डायऑक्साइड आणि जे सल्फेटचे बारीक कण नंतर पावसात ॲसिड म्हणून मोजले जातात, तेच खाली पडण्याआधी आपण श्वासातून घेतो. दम्याच्या माणसाला सल्फर डायऑक्साइड लगेच लागतो, छाती आवळते, आणि सल्फेटचे कण इतके बारीक की फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून रक्तात, हृदयावर पण ताण. हवेच्या प्रदूषणात पीएम २.५ म्हणून जो आकडा सांगतात त्यात हे कण धरलेले असतात. म्हणजे ॲसिड रेन हा पावसाचा विषय वाटतो पण माणसाचं खरं नुकसान कोरड्या दिवसात होतं. घरात म्हातारं माणूस किंवा बाळदमा असलेलं लेकरू असेल त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि धुळीचा तो आधार पण कायमचा नाही. रस्ते डांबरी होतात, चिमणीला राख पकडणारी यंत्रं बसतात, हे चांगलंच आहे, राखेने आणि धुळीने पण फुप्फुसं खराब होतात, ती कमी व्हायलाच पाहिजे. देशी कोळशात राख ३०-४० टक्के, ती न पकडता चालणारच नाही. पण ते यंत्र फक्त कण पकडतं, सल्फर डायऑक्साइड वायू आहे, तो त्यातून आरामात निघून जातो. म्हणजे ॲसिडला मारणारी धूळ-राख कमी आणि ॲसिड करणारा वायू तेवढाच किंवा जास्त, मग पाऊस आंबट होणारच. हवामान खातं आणि पुण्याची आयआयटीएम ही हवामानाची संशोधन संस्था यांनी १९८७ ते २०२१ या काळातल्या पावसाच्या पाण्याचा देशातल्या १० ठिकाणचा अभ्यास केला, त्यात आपल्या राज्यातलं नागपूर आणि पुणे होतं, विशाखापट्टणम, प्रयागराज, आसामातलं मोहनबारी होतं, आणि बहुतेक ठिकाणी पावसाचा पीएच हळूहळू उतरत चाललाय. जोधपूर-श्रीनगरकडे वाळवंटाच्या धुळीने तो अजून सावरून धरलाय. नागपूर आपल्यापासून किती लांब आहे? एका रात्रीच्या रेल्वेचं अंतर.

उपाय नवीन शोधायचा नाहीये, तो सापडून पन्नास वर्षं झाली. चिमणीतून धूर बाहेर जायच्या आधी त्याच्यावर चुनखडीचं कालवण फवारायचं, सल्फर डायऑक्साइड चुन्याला चिकटतो आणि जिप्सम होऊन खाली बसतो. संगमरवराचं जे नकळत होतं तेच इथे मुद्दाम, चिमणीत, आपल्या ताब्यात करायचं. याला एफजीडी म्हणतात. निघालेलं जिप्सम सिमेंटला लागतं, छताच्या बोर्डाला लागतं, आणि चोपण जमीन सुधारायला शेतकरी जिप्समच टाकतो. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा बदलला, वीज केंद्रांना सल्फरची एकूण मर्यादा घालून दिली, जो जास्त कमी करेल त्याने उरलेला कोटा विकायचा, आणि तिथल्या वीज केंद्रांचा सल्फर डायऑक्साइड तेव्हापासून ९० टक्क्यांहून जास्त खाली आला. युरोपात देशांनी १९७९ मध्ये जिनिव्हाला करार केला, कारण वाऱ्याला सीमा कळत नाही. तिथे तर आता मोहरीसारख्या पिकाला गंधक कमी पडतं म्हणून शेतकरी वेगळं गंधकाचं खत टाकतात, इतकं आभाळ साफ झालं. चीनने पण २००६ नंतर धडाधड एफजीडी बसवले.

आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये नियम केला, दोन वर्षांत सल्फरची मर्यादा पाळा. मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त संचांना एफजीडीमधून सूटच दिली, दिल्ली परिसराच्या (एनसीआर) आणि १० लाखांवर वस्तीच्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आत असलेल्यांना तेवढं सक्तीचं ठेवलं. कारणं सांगितली ती अशी की देशी कोळशात सल्फर कमी, हवेत मोजलेला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, आणि खर्च प्रचंड, वीज महाग होईल. खर्चाचं मला मान्य आहे, तो खरा प्रश्न आहे, विजेच्या बिलावर शेतकरी आधीच रडतोय. पण सूट मिळालेल्यांना अट काय, तर चिमणी ठरलेल्या उंचीची पाहिजे. उंच चिमणी! जे सडबरीला केलं तेच. आणि हवेत मोजलेला वायू मर्यादेत आहे कारण तो तोपर्यंत सल्फेटचे कण होऊन दुसऱ्या खात्यात गेलेला असतो. मला हा निर्णय पटत नाही. शहराजवळच्या माणसाची छाती आणि खेड्याजवळच्या माणसाची छाती यात फरक काय.

गाड्यांच्या बाबतीत मात्र काम झालंय हे मोकळ्या मनाने सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, सल्फर ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आणलं. आणि नवीन ट्रकला जी युरियाची टाकी असते, पंपावर ड्रायव्हर निळं कॅन ओततो ती, त्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा परत साधा नायट्रोजन करतो. ड्रायव्हर लोक पैसे वाचवायला हे सेन्सर बायपास करून घेतात कधीकधी, हायवेवरच्या गॅरेजवर होतं ते, तसं करू नका, तो धूर तुमच्याच ढाब्यावर बसतो. आणि मुळातच जाळणं कमी होईल तेवढं चांगलं, साक्री तालुक्यात डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, तिथेच १२५ मेगावॅटचं सोलर केंद्र आहे, आपल्याकडे ऊन आणि वारा दोन्हीची कमी नाही. घरापुरतं म्हणाल तर कचरा, रबर, प्लास्टिक पेटवू नका, केळीचे खोड-पानं शेतातच कुजवा.

केळीवर काय होईल हा मामांचा दुसरा प्रश्न राहिला. पानावर पिवळे-तपकिरी ठिपके, रेघा दिसल्या की आता काही जण ॲसिडचा पाऊस पडला म्हणतात. आपल्याकडे ते जवळजवळ नेहमी करपा असतो, बुरशी, पावसाळी दमट हवेत वाढते, रेघा शिरांना धरून जातात आणि खालच्या पानापासून सुरू होतात. खूप तीव्र ॲसिडने पानावर ठिपके पडतात हे खरं, पण त्याला पीएच ३ च्या आसपास जायला लागतं, आपल्याकडच्या पावसात ते नाही. तेव्हा ॲसिड रेनचं औषध म्हणून कोणी काही विकायला आलं तर घेऊ नका, करप्याचं बघा, रोगट पानं कापून बाहेर काढा. राख पानावर बसली असेल तर त्याने ऊन कमी मिळतं, ती पावसाने धुतली जाते. आणि जमिनीचा पीएच बदलायचा झाला तर आपण दर वर्षी टाकतो त्या अमोनियाच्या खतांचा हात पावसापेक्षा कितीतरी मोठा असतो, माती परीक्षण त्यासाठी करा.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर सोपं आहे. धुतलेलं प्लास्टिकचं भांडं, धातूचं नको, मोकळ्यावर, झाडाखाली-पत्र्याखाली नको, पाऊस सुरू झाल्यावर ठेवा म्हणजे आधीची धूळ त्यात पडणार नाही. पहिल्या पावसाचं पाणी वेगळं, आठवडाभराच्या झडीनंतरचं वेगळं, कारण पहिला पाऊस हवेतली धूळ धुऊन आणतो आणि तो कमी आंबट निघू शकतो, झडीत धूळ संपलेली असते. साधी पट्टी नुसत्या पावसाच्या पाण्यात नीट बोलत नाही, त्यात क्षारच नसतात म्हणून रंग उशिरा आणि चुकीचा येतो, कॉलेजच्या लॅबमध्ये पीएच मीटर असतो तिथे न्या, शक्यतो त्याच दिवशी, कारण बाटलीत ठेवलं की पीएच बदलतो. मामांच्या पडवीत सध्या धुतलेल्या सहा बाटल्या ओळीने ठेवल्यात, प्रत्येकीला दोरीने चिठ्ठी बांधलीय, तारीख लिहायला जागा आणि वारा कुठून होता ते लिहायला जागा, आणि त्यांची पोरगी अकरावी सायन्सला गेलीय, कॉलेजच्या लॅबमध्ये विचारून ठेवते म्हणालीय.